गुडघ्यात स्वतःच्या मूळपेशी: दुखणं कमी होणं वेगळं, कूर्चा उगवणं वेगळं

अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी एक छोटा, पण फार हुशारीने आखलेला प्रयोग केला. त्यासाठी त्यांनी २५ माणसं निवडली, सगळी दोन्ही गुडघ्यांत झीज असलेली आणि दोन्ही गुडघे दुखणारी. प्रत्येकाच्या कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा (हाडातला मऊ गर, बोन मॅरो) काढली, ती यंत्रात फिरवून तिच्यातला पेशींचा दाट भाग वेगळा केला आणि तो एका गुडघ्यात टोचला. दुसऱ्या गुडघ्यात नुसतं सलाइन. कुठल्या गुडघ्यात काय गेलं, हे रुग्णाला सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांनी मज्जा टोचलेला गुडघा आधीपेक्षा बराच कमी दुखत होता. सलाइनवाला गुडघाही जवळपास तेवढाच कमी दुखत होता.

हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून ‘मूळपेशी म्हणजे थोतांड’ असं लगेच म्हणू नये. या प्रयोगावर एक चांगला आक्षेपही आहे, त्याकडे पुढे येऊच. पण गुडघ्यात स्वतःच्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, टोचून घ्यायचा विचार घरात चालू असेल तर हा प्रयोग माहीत असलेला बरा. कारण या उपचाराच्या जाहिरातीत दोन वेगवेगळी आश्वासनं एकाच गाठोड्यात बांधून दिलेली असतात. एक, दुखणं कमी होईल. दोन, झिजलेली कूर्चा, म्हणजे कार्टिलेज, पुन्हा तयार होईल. पहिल्याला थोडाफार पुरावा आहे. दुसऱ्याला, वयोमानाने झिजलेल्या माणसाच्या गुडघ्यात, भक्कम म्हणावा असा पुरावा अजून नाही. विकलं जातं ते दुसरं आश्वासन आणि पटवायला दाखवले जातात ते पहिल्याचे व्हिडिओ: भराभर जिना चढणाऱ्या काकू, मांडी घालून जेवायला बसलेले आजोबा.

झिजतं काय, दुखतं काय

गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात, तिथे दोन्ही हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. बहुतेक ठिकाणी तो २ ते ४ मिलिमीटर जाड असतो. त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि उरलेल्यात मुख्यतः कोलॅजनचे धागे व पाणी धरून ठेवणारी मोठी रेणूसंकुलं असतात. पेशी अगदी थोड्या. रक्तवाहिनी एकही नाही, मज्जातंतूही नाही. कूर्चेचं पोषण होतं ते सांध्यातल्या द्रवातून.

रक्तच नाही, म्हणून कूर्चा भरून येत नाही. हात कापला तर रक्तासोबत दुरुस्तीचं सगळं सामान तिथे पोचतं. इथे पोचायला रस्ताच नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ सालीच सांगून ठेवलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही. २०१६ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी हे वेगळ्याच वाटेने तपासलं. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि तो त्या काळात घडणाऱ्या प्रत्येक ऊतीत उतरला. गुडघ्याच्या कूर्चेतल्या कोलॅजनमध्ये तो किती आहे हे मोजल्यावर दिसलं की कोलॅजनची ही चौकट वाढीच्या वयात तयार होते आणि मोठेपणी जवळजवळ बदलतच नाही. निरोगी गुडघ्यात नाही आणि झिजलेल्याही नाही. म्हणजे साठीतला माणूस विशीतल्याच कोलॅजनवर चालत असतो.

आता गंमत अशी की ज्यात मज्जातंतू नाहीत ती कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सुजलेलं सांध्याचं अस्तर, ताणलेले स्नायुबंध आणि सांध्याभोवतीचं आवरण. ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’, म्हणजे सांध्याची झीज, हा नुसत्या कूर्चेचा आजार नाही, तो आख्ख्या सांध्याचा आहे. हाडाला काटे फुटतात, मेनिस्कसच्या गाद्या फाटतात, मांडीचा स्नायू बारीक होतो, पाय गुडघ्यातून बाहेर वाकतो आणि सगळा भार आतल्या बाजूला पडतो. म्हणूनच एक्स-रेत ‘गॅप’ खूप कमी झालेला माणूस आरामात देवीचा डोंगर चढून येतो आणि जेमतेम झीज असलेला रात्रभर कळवळतो. एक्स-रेतली ही झीज ० ते ४ अशा श्रेणींत मोजायची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडली. आजही रिपोर्टवर ‘ग्रेड २’, ‘ग्रेड ३’ दिसतं ते तेच.

दुखणं आणि कूर्चा यांची गाठ इतकी सैल असल्यामुळे दुखणं कमी झालं यावरून कूर्चा वाढली असं सिद्ध होत नाही. पुढचं सगळं समजायला एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

या पेशी मुळात काय करतात

सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांना १९६०–७० च्या दशकांत अस्थिमज्जेत काही वेगळ्या पेशी सापडल्या. त्या काचपात्राच्या तळाला चिकटून वाढत आणि त्यांच्यापासून हाड तयार होई. रक्त बनवणाऱ्या मूळपेशींपेक्षा या निराळ्या. पुढे अमेरिकेत आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये त्यांना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केलं. प्रयोगशाळेत योग्य रसायनं दिली तर त्या हाड, चरबी आणि कूर्चा, तिन्ही बनवतात हेही दिसलं. २००१ मध्ये पोटाच्या चरबीतही तशाच पेशी मिळाल्या, आणि चरबी तर कुणाकडेही भरपूर.

साहजिकच सगळ्यांना वाटलं, या पेशी गुडघ्यात सोडल्या की त्या झिजलेल्या जागी जाऊन बसतील आणि कूर्चा बनवतील. तसं होत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत टोचलेल्या बहुतेक पेशी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत नाहीशा होतात. फार थोड्या कूर्चेला चिकटतात. ज्या काचपात्रात कूर्चा बनवतात, त्यांचाही कल पुढे हाडाकडे झुकण्याचा असतो.

मग काही बरं वाटतं ते कशामुळे? आज बहुतेक संशोधक मानतात की या पेशी रसायनं सोडतात. वृद्धिघटक, सूज आवरणारे रेणू, निरोप वाहून नेणाऱ्या सूक्ष्म पिशव्या. त्यांच्यामुळे आसपासच्या पेशींचं वागणं काही काळ बदलतं आणि सांध्याच्या अस्तराची सूज उतरू शकते. आपण बोलावला गवंडी आणि आला मुकादम, असं म्हणता येईल. तो इतरांना कामाला लावतो, स्वतः वीट रचत नाही, आणि दोन-चार दिवसांत निघून जातो. कॅप्लन स्वतःही पुढच्या काळात हेच मांडत राहिले की या पेशींचा खरा उपयोग ऊतक बनवण्यात नसून औषधी रसायनं सोडण्यात आहे.

त्यातच ‘स्वतःच्या’ पेशींची एक अडचण आहे जी जाहिरातीत नसते. वय वाढतं तशी या पेशींची संख्या आणि जोम दोन्ही कमी होतात. पासष्टीच्या माणसाच्या गुडघ्यासाठी आपण पासष्ट वर्षांच्याच पेशी काढत असतो. स्वतःच्या असल्याने शरीर त्या नाकारत नाही, हा फायदा खरा. पण त्या कामाच्या आहेत की नाहीत, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

सुईतून नेमकं काय जातं

‘स्टेम सेल थेरपी’ या एका पाटीखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी चालतात, आणि गोंधळाचं मूळ बरंचसं इथेच आहे.

पहिली म्हणजे अस्थिमज्जेचा दाट केलेला भाग. माणसाला पालथं झोपवतात, कमरेच्या मागच्या हाडाशी भूल देतात आणि जाड सुईने साधारण ६० ते १२० मिलिलीटर मज्जा ओढतात. एकाच जागेवरून भसाभस ओढली तर नुसतं रक्तच येतं, म्हणून निष्णात डॉक्टर सुईची जागा बदलत थोडी थोडी घेतात. मग ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काही मिलिलीटरचा दाट भाग त्याच दिवशी गुडघ्यात टोचतात. आता, मज्जेतल्या केंद्रक असलेल्या पेशींपैकी मेसेन्कायमल मूळपेशी किती? दहा हजारांत एक, कधी लाखात एक. म्हणजे जे टोचलं जातं ते मुख्यतः रक्ताच्या पेशी, प्लेटलेट आणि वृद्धिघटक असतात. मूळपेशी त्यात आहेत, पण मिठाएवढ्याही नाहीत.

दुसरी पद्धत चरबीची. पोटावरची थोडी चरबी बारीक नळीने ओढून घेतात. काही ठिकाणी ती नुसती धुऊन बारीक करून टोचतात, काही ठिकाणी कोलॅजनेज या विकराने (एन्झाइमने) विरघळवून तिच्यातल्या पेशी वेगळ्या काढतात. मज्जेपेक्षा इथे मूळपेशींचं प्रमाण बरंच जास्त असतं, पण हाही मिश्रणाचाच प्रकार.

तिसरी पद्धत पूर्ण वेगळी. काढलेल्या पेशी निर्जंतुक प्रयोगशाळेत तीन-चार आठवडे वाढवतात आणि त्यांची संख्या कोटींत नेतात. मग रुग्णाला परत बोलावून त्या टोचतात. हे महाग, वेळखाऊ आणि कायद्याने औषधनिर्मितीच्या कक्षेत येणारं काम आहे.

एका दिवसात, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी, असं क्लिनिकमध्ये मिळतं ते पहिलं किंवा दुसरं. तिसरं तसं मिळूच शकत नाही.

पुरावा कुठल्या पद्धतीचा?

मेयोच्या प्रयोगावरचा आक्षेप असा होता की एका गुडघ्यात सोडलेल्या पेशींची रसायनं रक्तातून दुसऱ्या गुडघ्यात पोचली असतील, म्हणून दोन्ही सुधारले. शक्यता नाकारता येत नाही. शिवाय माणसं २५च.

पण मग २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये अमेरिकेतला एक मोठा प्रयोग आला. त्यात ४७५ माणसं होती. काहींना स्वतःच्या मज्जेचा दाट भाग, काहींना स्वतःच्या चरबीतून काढलेल्या पेशी, काहींना दात्याच्या नाळेतल्या पेशी आणि उरलेल्यांना साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन. वर्षभराने कुठलाही पेशीगट स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. एमआरआयमध्येही फरक नव्हता. सगळ्याच गटांना आधीपेक्षा बरं वाटत होतं.

मला यात सगळ्यात बोलका वाटतो तो स्टेरॉइडचा गट. स्टेरॉइडचा परिणाम काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतो. मग वर्षभराने त्या लोकांना बरं का वाटत होतं? एक कारण असं की माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं अगदी टोकाला गेल्यावर. झिजेचं दुखणं चढतं आणि उतरतं. टोकाला असताना काहीही केलं, अगदी काहीच केलं नाही, तरी पुढच्या महिन्यांत ते सरासरीकडे परत येतं. दुसरं कारण उपचाराच्या सोहळ्याचं. सुई, यंत्र, पांढरे कोट, घातलेले पैसे, या सगळ्यांमुळे मेंदू वेदना वेगळ्या मोजतो. ही ‘मनाची समजूत’ नव्हे, वेदना खरोखर कमी जाणवते. ह्यूस्टनमध्ये १८० जणांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काहींच्या गुडघ्याची दुर्बिणीतून खरी शस्त्रक्रिया केली आणि काहींना फक्त कातडीवर छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांपर्यंत दोन्हींचा निकाल सारखाच होता. नुसत्या छेदाने एवढं होत असेल, तर हाडातून मज्जा काढण्याच्या सोहळ्याने किती होत असेल!

मग मूळपेशींच्या बाजूने काहीच नाही का? आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. ते मुख्यतः कोरियातून आलं आहे आणि तिसऱ्या पद्धतीचं आहे. २०१४ मध्ये तिथल्या संशोधकांनी १८ जणांना त्यांच्याच चरबीतून वाढवलेल्या पेशी वेगवेगळ्या मात्रांत दिल्या. १० कोटी पेशी मिळालेल्यांचं दुखणं कमी झालं, आणि दुर्बिणीतून पाहता कूर्चेतले खड्डेही लहान झालेले दिसले. पण तुलनेला सलाइनचा गट नव्हता. पुढे २०२३ मध्ये २६१ जणांचा, कोणाला काय दिलं हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी, शंभराच्या मोजपट्टीवर, पेशीवाल्यांचं दुखणं सरासरी २५ अंकांनी उतरलं होतं आणि सलाइनवाल्यांचं १५ अंकांनी. म्हणजे पेशींच्या खात्यात जमा झाले ते १० अंक. कूर्चेचं काय? एमआरआयमध्ये दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. कोरियाच्या औषध नियामकाने त्याच वर्षी या उत्पादनाला परवानगी नाकारली.

२०२५ मध्ये कोक्रेन या संस्थेने उपलब्ध प्रयोग एकत्र तपासले. त्यांचा निष्कर्षही याच सुरातला आहे: खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत दुखणं आणि हालचाल किंचित सुधारत असावी, पण पुराव्याची खात्री कमी.

म्हणजे थोडा तरी पुरावा आहे तो प्रयोगशाळेत महिनाभर वाढवलेल्या कोट्यवधी पेशींचा, आणि क्लिनिकमध्ये एका दिवसात टोचलं जातं ते न वाढवलेलं मिश्रण, ज्याने मोठ्या प्रयोगात स्टेरॉइडलाही मागे टाकलेलं नाही. एकाचा शोधनिबंध दाखवून दुसरं विकणं, हा या धंद्यातला सगळ्यात सफाईदार हात आहे.

‘तुमच्याच पेशी आहेत, मग धोका कसला?’

हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. धोका मोठा नाही हे खरं. बहुतेक प्रयोगांत काही दिवसांची सूज आणि ठणका यापलीकडे गंभीर त्रास क्वचितच दिसला. पण पेशी स्वतःच्या असल्या तरी सुया, नळ्या, विकर, यंत्र आणि हात बाहेरचे असतात. सांध्यात जंतू शिरले तर कूर्चा झपाट्याने खाल्ली जाते आणि पुढे सांधा बदलणंही अवघड होऊन बसतं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १२ रुग्णांची नोंद केली. त्यांना नाळेच्या रक्तापासून बनवलेली ‘स्टेम सेल’ उत्पादनं टोचली होती आणि रक्तात किंवा सांध्यात जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं होतं. त्या पेशी दुसऱ्याच्या होत्या, पण जंतू शिरले ते हाताळणीतून, आणि हाताळणी स्वतःच्या पेशींचीही होतेच.

प्रयोगशाळेत पेशी वाढवताना काय होऊ शकतं याचा नमुना पुन्हा कोरियातलाच. तिथे २०१७ मध्ये गुडघ्याच्या झिजेवर एका पेशी-औषधाला परवानगी मिळाली. ते दात्याच्या कूर्चापेशी आणि त्यांच्यातच एक जनुक घातलेल्या पेशी यांचं मिश्रण आहे, असं कागदावर होतं. २०१९ मध्ये उघड झालं की त्या जनुकवाल्या पेशी कूर्चेच्या नव्हत्याच, मूत्रपिंडापासून निघालेल्या एका पेशीवंशाच्या होत्या. परवानगी रद्द झाली. तोवर हजारो लोकांनी ते टोचून घेतलं होतं.

म्हणूनच ‘ही तुमचीच पेशी, औषध नव्हेच’ हा युक्तिवाद न्यायालयांत टिकत नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये वाढवलेल्या पेशींबाबत आणि २०२४ मध्ये विकराने वेगळ्या काढलेल्या चरबीतल्या पेशींबाबत अपील न्यायालयांनी त्या औषधच आहेत असं म्हटलं. भारतातही २०१९ च्या नवीन औषधं आणि चिकित्सा चाचणी नियमांत मूळपेशींपासून बनवलेलं उत्पादन कायम ‘नवीन औषध’ धरलं जातं. पेशी वाढवणं तर त्यात येतंच, विकराची प्रक्रियाही येते. नुसतं फिरवून त्याच दिवशी टोचलेली मज्जा या व्याख्येच्या कडेला उभी राहते, आणि बरीच क्लिनिकं नेमकी तिथेच दुकान मांडून असतात.

मात्र आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना याहून कडक आहेत. रक्ताच्या आणि तत्सम काही आजारांसाठीचं रक्त-मूळपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर मूळपेशींचा बाकी वापर त्या प्रायोगिक मानतात. तो मंजूर चाचणीतच करावा आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत, असं त्यांत आहे. (जाता जाता: नाळेच्या रक्ताखेरीज दात, चरबी वगैरेंची ‘बँक’ काढण्यालाही या सूचनांत मान्यता नाही. ‘आजच चरबी साठवा, उद्या गुडघा वाचवा’ छापाचे फोन आले तर हे लक्षात असू द्या.)

आपल्याकडे मंजूर काय आहे

भारतात गुडघ्याच्या झिजेसाठी औषध महानियंत्रकांनी मंजूर केलेलं मूळपेशींचं एक उत्पादन आहे. बेंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीचं ‘स्टेम्प्युसेल’. त्याला या आजारासाठी २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि अल्केम ही औषध कंपनी ते ‘स्टेमवन’ नावाने विकते. ग्रेड २ आणि ३ साठी, अडीच कोटी पेशींचं एक इंजेक्शन. त्याची १४६ जणांवरची खोट्या इंजेक्शनशी तुलना करणारी चाचणी प्रसिद्ध झाली आहे आणि त्यात वर्षभर दुखण्यात फरक दिसला. पण त्यातल्या पेशी रुग्णाच्या नसतात, अनेक निरोगी तरुण दात्यांच्या मज्जेतून घेऊन, एकत्र करून वाढवलेल्या असतात. म्हणजे कागदोपत्री मंजूर आहे ते दुसऱ्याच्या पेशींचं, आणि गल्लोगल्ली जोरात चाललंय ते स्वतःच्या पेशींचं.

स्वतःच्या पेशी खरोखर कामाला येतात असं एक जुनं क्षेत्र आहे, ते मात्र झिजेचं नाही. खेळताना किंवा अपघातात कूर्चेचा एखादा टवका उडतो, बाकी गुडघा धडधाकट असतो. अशा तरुण रुग्णांच्या कूर्चेचा छोटा तुकडा काढून, त्यातल्या पेशी वाढवून, त्या खड्ड्यात बसवण्याची शस्त्रक्रिया स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या गटाने पहिल्या २३ रुग्णांसह १९९४ मध्ये जगापुढे ठेवली. या मूळपेशी नव्हेत, तयार कूर्चापेशी. भारतात मुंबईच्या रिग्रो कंपनीच्या अशाच पद्धतीच्या उत्पादनाला २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. भोवती निरोगी कूर्चेची भिंत असलेला खड्डा भरणं आणि चारी बाजूंनी उघडं पडलेलं हाड झाकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पाय वाकडा असेल तर तिरपा भार नव्या कूर्चेलाही घासून काढणारच, हे तर उघडच आहे.

स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या गटाने नाकाच्या पडद्यातून ६ मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्यापासून कूर्चेचा पापुद्रा वाढवला आणि तो गुडघ्यात बसवला. २०१६ मध्ये त्यांनी पहिल्या दहा रुग्णांचे निकाल दिले. नाकातल्या कूर्चापेशी म्हातारपणीही चांगल्या वाढतात, म्हणून या वाटेकडे मी जरा आशेने पाहतो. मात्र तेही सुईचं काम नाही, शस्त्रक्रियाच आहे.

तोवर गुडघ्याचं काय

वजन. हे ऐकून सगळ्यांचा चेहरा पडतो, पण आकडे बघा. एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचा स्थूल आणि गुडघेदुखी असलेल्या ४०७ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ६८ आठवड्यांत औषधगटाचं वजन सरासरी १३.७ टक्के उतरलं आणि दुखणं शंभराच्या पट्टीवर ४१.७ अंकांनी. खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं दुखणंही २७.५ अंकांनी उतरलं होतं. त्यांनाही आहार-व्यायामाचा सल्ला होताच, तरी आधी म्हटलेल्या सोहळ्याचं बळ इथेही दिसतं. दोन्हींतला फरक १४ अंकांचा, म्हणजे कोरियातल्या १० अंकांहून जास्त. दोन वेगळ्या प्रयोगांची अशी थेट तुलना काटेकोर नसते, अंदाजापुरती घ्यावी.

मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम फुकट आहे आणि त्याचा पुरावा मूळपेशींपेक्षा कितीतरी जाड आहे. त्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन एखाद्या वेळी ठीक, पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं घेत राहिलेल्यांची कूर्चा सलाइन घेतलेल्यांपेक्षा जास्त झिजल्याचं २०१७ च्या एका प्रयोगात दिसलं आहे. पाय वाकलेला आणि वय कमी असेल तर नडगीचं हाड कापून सरळ करण्याची शस्त्रक्रिया असते, तिची माहिती फारशी कोणी देत नाही. आणि ग्रेड ४ ला, रात्रीची झोप उडाली असेल तर, सांधा बदलणं. बदललेले गुडघे २५ वर्षांनंतरही शंभरातले ८० च्या आसपास टिकून असतात, असं मोठ्या नोंदवह्यांवरून २०१९ मध्ये दिसलं. भारतात ऑगस्ट २०१७ पासून कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारी मर्यादाही आहे.

तरीही मूळपेशींचाच सल्ला मिळाला असेल तर पुढ्यात बसून काही गोष्टी विचारता येतात. पेशी मज्जेच्या की चरबीच्या, वाढवलेल्या की त्याच दिवशीच्या? वाढवलेल्या असतील तर कुठल्या प्रयोगशाळेत, आणि टोचण्याआधी किती जिवंत आहेत याचा दाखला मिळेल का? माझा ग्रेड कोणता, आणि या ग्रेडच्या लोकांवर सलाइनशी तुलना झालेला प्रयोग कुठला? ‘प्रयोग’ किंवा ‘ट्रायल’ हा शब्द निघाला तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. भारतातल्या चाचण्यांची ही सरकारी नोंदवही २००७ पासून आहे, २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे सक्तीची आहे आणि घरबसल्या कोणालाही ती उघडून पाहता येते. तिथे चाचणी कोण करतंय, कुठल्या रुग्णालयात, किती रुग्णांवर आणि कशाशी तुलना करून, हे सगळं लिहिलेलं असतं.